एमिलचे पंच्याऐंशी हजार

आमच्या एमिलच्या तोंडात आता एवढंच उरलंय: पंच्याऐंशी हजार. पाणी हवं असलं तरी पंच्याऐंशी हजार, खिडकी लावून घे म्हणायचं असलं तरी पंच्याऐंशी हजार, आणि ताटात कोबी जास्त पडला तर तेच, जरा वरच्या आवाजात. मी त्याची धाकटी बहीण बर्नाडेट, समोरच्याच घरात राहते. उभा जन्म शाळेची बस चालवली, त्यामुळे कलकलाटाची मला सवय आहे. पण एकच आकडा दिवसभर ऐकला की माझंसुद्धा डोकं उठतं.

अगदीच काही येत नाही असं नाही. शिव्या येतात, आणि फादर घरी आले की हमखास येतात. जेवणाआधीची स्लोव्हाक प्रार्थना येते, आमच्या आईने लहानपणी घोटून घेतलेली, सुरुवातीपासून आमेनपर्यंत एका दमात. आणि ‘ठीक आहे, ठीक आहे, आपली काय तक्रार नाय’ हे येतं. पोलाद कारखान्यासाठी कोळसा भाजतात त्या कोकभट्टीवर सगळी नोकरी त्याने हेच वाक्य म्हणत काढली. पण पोटच्या पोरीचं नाव येत नाही. रेनाता. तीन तर अक्षरं आहेत मेली.

हा आकडा त्याच्या तोंडात गेला कसा, ते सांगते.

रेनाताची आई ओल्गा लवकर गेली. पोरीला एमिलने एकट्याने वाढवलं, म्हणजे अर्धं त्याने आणि अर्धं मी. पोरगी हुशार. बोलण्याच्या विकारांवर मास्टर्स करायचं म्हणाली. तोतरी मुलं असतात, मेंदूचा झटका येऊन वाचा गेलेली माणसं असतात, घास गिळता न येणारे म्हातारे असतात, त्या सगळ्यांवर उपचार करणारी स्पीच थेरपिस्ट. एमिलने एकच विचारलं, ‘पैसे मिळतात का त्यात?’ तिने फोनवर कॉलेजचं पान काढून दाखवलं. तिथे मोठ्या अक्षरांत छापलं होतं की ही पदवी घेतलेले वर्षाला सरासरी पंच्याऐंशी हजार डॉलर कमावतात. एमिलने चष्मा लावून ते दोनदा वाचलं आणि तिच्या शैक्षणिक कर्जाच्या कागदावर खाली जामीन म्हणून स्वतःची सही ठोकली.

मग काय विचारता! आमच्या स्लोव्हाक लोकांच्या क्लबात जो भेटेल त्याला तेच.

‘पोरगी काय शिकते तुझी?’ भट्टीवरच्या मिलानने विचारलं.

‘लोकांना बोलायला शिकवायचं.’

‘त्याला कॉलेज कशाला लागतं? माझी बायको फुकट बोलते.’

‘तुझ्या बायकोला गप्प बसवायचं शिक्षण वेगळं. ते अजून निघालं नाही,’ एमिल म्हणायचा. ‘वर्षाला पंच्याऐंशी हजार, मिलान! भट्टीत फुप्फुसं जाळून मला कधी मिळाले नाहीत तेवढे. खुर्चीवर बसून, स्वच्छ कपड्यांत.’

रेनाता पास झाली, गाऊन घालून फोटो काढले, आणि नदीपलीकडे म्हाताऱ्या आजाऱ्यांना ठेवतात त्या एका घरात तिला नोकरी लागली. पहिलं वर्ष एका अनुभवी बाईच्या हाताखाली काढायचं, मग पक्कं प्रमाणपत्र. दोनेक महिन्यांनी ती माझ्याकडे आली ती पोळलेल्या मांजरासारखी. मी पिरोगी लाटत होते. तिने एप्रन बांधला आणि सारण भरायला लागली.

‘काय झालं गं?’

‘काही नाही. आत्या, तुला बस थांबली की पगार थांबायचा का?’

‘म्हणजे?’

‘माझा थांबतो. पेशंट समोर बसला की घड्याळ चालू. तो संडासला गेला की बंद. नर्स गोळ्या द्यायला आली, बंद. या खोलीतून त्या खोलीत चालत जायचं, बंद. दिवसाची टिपणं लिहायची, तेही बंद.’

‘मग लिहितेस कधी?’

‘घड्याळ बंद करून. सगळेच तसं करतात. आणि पेशंट कमी असले तर दुपारीच घरी पाठवतात.’

‘अगं बाई! मी बस सिग्नलला उभी करून नाक शिंकरलं तरी त्याचे पैसे मिळायचे मला!’

ती हसली, पण हसता हसता तिचे डोळे भरले. ‘त्या पानावरच्या आकड्याच्या निम्मेसुद्धा होत नाहीत, आत्या. कर्जाचा हप्ता गेला की पेट्रोलपुरते उरतात. बाबाला सांगू नकोस.’

‘कळेलच की कधीतरी.’

‘प्रमाणपत्र हातात येऊ दे, मग दुसरीकडे बघीन. तोवर सांगायचं नाही. तो क्लबात तोंड कसं दाखवेल?’

मी कबूल केलं. मला वाटलं, वर्षाचा तर प्रश्न आहे.

लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासाच्या, शुक्रवारी आमच्याकडे अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये मासे तळतात. सगळं गाव रांग लावतं. तळणीवर एमिल, वर्षानुवर्षं तोच. त्या मार्चमध्ये मी कोबी-नूडल्स वाढत होते आणि एमिल जाळी हलवत पलीकडच्या कुणाला तरी सांगत होता, ‘आमची रेनाता? पहिल्याच वर्षी! पंच्याऐंशी हजार...’ आणि जाळी त्याच्या हातातून पडली. तोंड एका बाजूला ओघळलं. मी वाढपाची पळी टाकून धावले. हॉलमध्ये अग्निशमन दलाचीच माणसं होती म्हणून तो जगला. उजवा हात गेला, आणि वाचा गेली.

हॉस्पिटलमध्ये शुद्धीवर आल्यावर त्याने रेनाताकडे बघितलं. ओठ हलवले, कपाळावरची शीर फुगली, आणि बाहेर पडलं, ‘पंच्याऐंशी हजार.’

पोरगी पांढरीफटक पडली. बाहेर येऊन तिने मला नीट समजावलं, अगदी पुस्तकातलं. काही रुग्णांच्या तोंडात असं एखादं वाक्य अडकून बसतं. सगळ्यासाठी तेच बाहेर येतं. त्याला काय म्हणायचंय ते त्याला आत ठाऊक असतं, लोकांचं बोलणंही बऱ्यापैकी कळतं, फक्त शब्द हाताला लागत नाही. शिव्या आणि प्रार्थना मेंदूतल्या वेगळ्या ठिकाणाहून येतात, त्या म्हणजे बोलणं नव्हे.

‘त्या आकड्याला काही अर्थ नसतो, आत्या.’

‘मग रडतेस कशाला?’

‘मला ठाऊक आहे अर्थ नसतो,’ ती म्हणाली आणि आणखी रडली.

घरी आणल्यावर हॉस्पिटलची थेरपिस्ट आठवड्यातून दोनदा मिळत होती, विमा कंपनीच्या पैशांनी. मी एमिलला गाडीतून नेई-आणी. आणि रोज संध्याकाळी कामावरून येऊन रेनाता स्वतः त्याला घेऊन स्वयंपाकघरात बसे. दिवसभर परक्यांच्या बापांना बोलायला लावायचं आणि संध्याकाळी आपल्या बापाला. त्याचा डावा हात टेबलावर ठेवायचा, प्रत्येक अक्षराला त्यावर टिचकी मारायची आणि गाण्यासारखं म्हणायचं: रे, ना, ता. गाण्याच्या वाटेने कधी कधी शब्द सापडतो म्हणे.

एक नियम तिने सुरुवातीलाच घातला. आकड्याला ओ द्यायची नाही.

‘पंच्याऐंशी हजार!’ एमिल हाक मारायचा.

‘ते माझं नाव नाही, बाबा. नाव घे.’

‘पंच्याऐंशी हजार!’

‘मी थांबलेय. रे...’

एकदा तो इतका चिडला की कप फेकला आणि एक शिवी दिली, इतकी स्वच्छ, की शेजारची बाई खिडकीत आली. मी म्हटलं, ‘बघ, हे कसं बरोबर येतं रे तुला!’ मग तिघंही हसलो. पण मला तिचा तो नियम बोचायचा. बाप हाक मारतोय आणि लेक भिंतीकडे बघत बसलीये. मी एकदा म्हणाले, ‘अगं, दे की ओ एखादी. म्हातारा आहे.’ तर म्हणाली, ‘आत्या, मी ओ दिली तर त्याला दुसरा शब्द शोधायची गरजच राहणार नाही. पहिले काही महिने महत्त्वाचे असतात. त्यात आलं ते आलं.’

तिने मनात धरलं होतं ते व्हिलियाचं जेवण. नाताळच्या आदल्या संध्याकाळी आमच्यात पहिली चांदणी दिसल्यावर जेवायला बसतात. त्याआधी घरातला कर्ता पुरुष मधात अंगठा बुडवून प्रत्येकाच्या कपाळावर क्रॉस काढतो, आणि काढताना त्या माणसाचं नाव घेतो. नाव घेतल्याशिवाय मध लावत नाहीत. आमची आई म्हणायची, नावाशिवाय लावलेला मध नुसता चिकटतो. ओल्गा गेल्यापासून एमिलने एकदाही चुकवलं नव्हतं. यंदाच्या व्हिलियाला बाबा माझं नाव घेणार, असं रेनाता म्हणायची, आणि एमिल मान डोलवायचा. त्यालाही तेवढंच हवं होतं. कधी मी अचानक घरात शिरले तर तो एकटाच टेबलावर डाव्या हाताची बोटं आपटत बसलेला दिसायचा.

ऑगस्टमध्ये एकदा ती दारातून आत आली, पर्स ठेवली, आणि एमिल म्हणाला, ‘रे... ना.’ मग थोडं थांबून, ‘पंच्याऐंशी हजार.’ पण आधीचं आम्ही दोघींनी ऐकलं होतं! मी ढसाढसा रडले. रेनाताने त्याच्या टकलाचे मुके घेतले आणि दुकानातून केक आणला. चार महिने आहेत, आत्या, ती म्हणाली, ‘ता’ एवढंच तर राहिलंय.

सप्टेंबरमध्ये तिच्या कामावर नवा व्यवस्थापक आला. खाटा रिकाम्या आहेत म्हणाला, तास कमी केले. सकाळी जायची आणि जेवायच्या आत परत यायची. पुढचा हप्ता थकला, त्याच्या पुढचाही. आणि कर्जवाल्यांचे फोन कुणाला, तर एमिलला! सही त्याची ना. तो फोन उचलून म्हणायचा, ‘पंच्याऐंशी हजार.’ पलीकडच्याला वाटायचं, थट्टा करतोय. मग पत्रं यायला लागली, त्यात घराचा उल्लेख होता. ते घर म्हणजे एमिलच्या सगळ्या आयुष्याची कमाई.

‘प्रमाणपत्र आलं. मी कंत्राट घेतलंय,’ ती एका संध्याकाळी म्हणाली. ‘नॉर्थ डाकोटात. तिकडे कुणी जायला तयार नसतं म्हणून पैसे चांगले देतात. वर्षाला हिशोब केला तर...’

‘किती?’ मी विचारलं.

‘तेवढेच. त्या पानावर होते तेवढे.’

माझं टाळकं सटकलं. ‘आणि ह्याला कोण शिकवणार? “ता” राहिलाय ना अजून? तूच म्हणालीस, पहिले महिने महत्त्वाचे!’

‘हॉस्पिटलची बाई आहे ना. ती चांगली आहे.’

‘ती आठवड्यातून दोनदा! तू रोज!’

‘मग काय करू, आत्या? इथे बसून त्याच्याकडून माझं नाव काढून घेऊ आणि राहायला कुठे जायचं? तुझ्या बसमध्ये?’

माझं पेन्शन माझ्यापुरतं. बोलून काय देणार होते मी? दोघी बराच वेळ एकमेकींकडे न बघता बटाटे सोलत राहिलो.

निघाली त्या सकाळी एमिल दारात उभा होता, काठीवर. तिने बॅग गाडीत टाकली आणि त्याच्यासमोर आली. ‘नाव, बाबा. एकदा.’

तो लाल झाला. ‘रे... रे... ना...’ मग खांदे पडले. ‘पंच्याऐंशी हजार.’

‘हो,’ ती म्हणाली. ‘तेच आणायला चाललेय.’

तिला तसं बोलायचं नव्हतं, मला ठाऊक आहे. तोंडातून गेलं. कोपऱ्यावर तिने गाडी वळवली तरी हा दारातच उभा.

नोव्हेंबरमध्ये विमा कंपनीचं पत्र आलं, उपचार पुढे चालू ठेवायचे की नाही हे बघायला त्यांची बाई घरी येणार. रेनाताने फोनवर मला दहा वेळा बजावलं. ‘आत्या, त्याला जसा आहे तसा दिसू दे. दाढी करून देऊ नकोस. तिला त्याला साधे प्रश्न विचारू दे. तो अडखळला पाहिजे. त्याने अडखळणं हेच चांगलं आहे.’

‘कळलं गं. अडखळवते.’

आता आमच्या भट्टीवाल्या माणसांची एक खोड सांगितली पाहिजे. पूर्वी कुणाला काही लागलं, भाजलं, की कंपनीचा माणूस घरी चौकशीला यायचा. तो काळजीने येतोय असं दाखवायचा, पण जो कामाचा राहिला नाही त्याची नोकरी गेलीच समजा. म्हणून कंपनीचा माणूस दारात आला की दुखणं लपवायचं. आमच्या बापाने मोडलेल्या बरगड्यांनी उठून अशा माणसाला हसत दारू पाजली होती आणि तो गेल्यावर जिन्यात कोसळला होता. एमिलने ते लहानपणी डोळ्यांनी बघितलेलं.

मी सकाळी गेले तर हा आधीच उठून बसलेला! एका हाताने दाढी केलेली, गळ्यापाशी कापलेलं, इस्त्रीचा शर्ट, आणि ओल्गाच्या अंत्यविधीला घातलेला टाय नुसताच गळ्यात अडकवलेला. कॉफीसुद्धा ठेवलेली.

‘अरे गाढवा, ही त्यातली नव्हे! ही तुझ्या मदतीची आहे!’ मी टाय ओढायला गेले तर त्याने माझा हात झटकला. तेवढ्यात घंटा वाजली.

बाई तरुण होती, सभ्य, बोलायला गोड. ‘कसं वाटतंय, मिस्टर हुडाक?’

‘ठीक आहे, ठीक आहे,’ एमिल हसून म्हणाला. ‘आपली काय तक्रार नाय.’

‘वा! जेवण वगैरे?’

‘ठीक आहे, ठीक आहे.’ डाव्या हाताने त्याने तिच्यासाठी कॉफी ओतली, एक थेंब न सांडता. आणि मग कळस केला. माझ्याकडे बघून हात जोडल्यासारखा केला आणि अख्खी स्लोव्हाक प्रार्थना घडाघडा म्हणून दाखवली.

‘दोन भाषा!’ बाई म्हणाली आणि तिच्या संगणकात काहीतरी टिपलं.

‘अहो, हे बोलणं नाही!’ मी ओरडलेच. ‘हे पाठ आहे सगळं! त्याला खिडकीला काय म्हणतात ते विचारा. त्याच्या पोरीचं नाव विचारा!’

तिने विचारलं. ‘मिस्टर हुडाक, तुमच्या मुलीचं नाव?’

एमिलने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्याला कंपनीला विकलं. मग तिच्याकडे वळून, छाती काढून, क्लबात म्हणायचा तसं म्हणाला, ‘पंच्याऐंशी हजार!’

‘त्यांची मुलगी चांगलं कमावते वाटतं,’ बाई हसली. ‘अभिमान दिसतो.’

मी सांगत राहिले, तिने ऐकूनही घेतलं, आणि शेवटी विचारलं, ‘तुम्ही थेरपिस्ट आहात का?’

‘मी शाळेची बस चालवत होते.’

‘असं,’ ती म्हणाली, वाईट नाही, सभ्यपणेच.

ती गेल्यावर एमिलने टाय काढला आणि माझी पाठ थोपटली. मोठी लढाई जिंकल्यासारखा होता तो. मला त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली, आणि त्याला कुशीत घ्यावंसंही वाटलं. मी कॉफीचे कप धुतले.

पत्र आलं तेव्हा मी ते रेनाताला फोनवर वाचून दाखवलं. रुग्ण रोजच्या व्यवहारापुरतं बोलू शकतो, यापुढे विशेष प्रगतीची अपेक्षा नाही, सबब उपचार बंद. तिने मला मधली ओळ पुन्हा वाचायला लावली.

‘हे वाक्य मी लिहिलंय, आत्या,’ ती म्हणाली. ‘“प्रगतीची अपेक्षा नाही.” नदीपलीकडे कामाला असताना वरून हुकूम यायचा, या पेशंटला आता काढा, आणि मी लिहायचे. शब्दसुद्धा हेच.’

‘तू परत ये.’

‘कंत्राट मध्येच सोडलं तर दंड आहे. मी अपील करते.’ तिने अपील केलं. सुनावणीची तारीख मार्चची मिळाली.

तिने रोज व्हिडिओवर शिकवायचा प्रयत्न केला. पण तो हातातला फोन बघून गोंधळायचा, आणि त्याच्या हातावर टिचकी कोण मारणार? मी मारायचे. माझी टिचकी त्याला हसू आणायची, शब्द नाही. डिसेंबर लागता लागता ‘ना’ गेला. मग एक दिवस ‘रे’ ऐकू येईनासा झाला. मी ते तिला सांगितलं. ती फक्त ‘बरं’ म्हणाली.

व्हिलियाच्या संध्याकाळी मी त्याच्याकडे सगळं मांडलं. आंबट कोबीचं मशरूम घातलेलं सार, पिरोगी, खसखस लावलेल्या बोबाल्की म्हणजे पावाच्या छोट्या गोळ्या, ओप्लात्कीच्या पातळ पापड्या, मधाची वाटी. एक ताट रिकामं ठेवायची आमच्यात रीत आहेच, त्या ताटावर साखरेच्या भांड्याला टेकवून फोन उभा केला. बाहेर चांदणी कुठली दिसायला, भट्टीचा धूर आणि ढग. आम्ही दिसली असं धरलं.

फोनवर रेनाता आली. मागे भाड्याच्या खोलीची कोरी भिंत. पोरगी वाळली होती. समोर कागदाच्या बशीत काहीतरी दुकानातलं घेऊन बसली होती.

प्रार्थना एमिलने म्हटली, अस्खलित. आमेन झाल्यावर ती म्हणाली, ‘बाबा, एक सांगायचंय. पहिल्या वर्षी मला तेवढे मिळत नव्हते. निम्मेसुद्धा नाही. तू सगळ्यांना सांगत होतास आणि मी गप्प राहिले.’

एमिल ऐकत होता.

‘आता मिळतात. इथे खरंच मिळतात. दोन हप्ते फेडले. घराला काही होणार नाही.’

त्याने डावा हात झटकला, माशी हाकलतात तसा. त्याचं तिकडे लक्षच नव्हतं. त्याने मधाची वाटी पुढे ओढली आणि अंगठा आत बुडवला.

‘अरे, फोन खराब होईल!’ मी म्हणाले, आणि माझीच मला लाज वाटली.

त्याचा अंगठा काचेपाशी गेला, तिच्या कपाळाच्या उंचीवर, आणि थांबला. नाव घेतल्याशिवाय लावायचा नाही. त्याने ओठ ताणले. मानेच्या शिरा वर आल्या. मध टपटप टेबलक्लॉथवर पडत होता. तिकडे रेनाताने टेबलावर बोट आपटायला सुरुवात केली, तोच ताल, तीन टिचक्या, आणि ओठांनी दाखवत राहिली. मी त्याचा लुळा पडलेला, थंड उजवा हात धरून टिचक्या मारल्या. मी मनातल्या मनात ओल्गाला हाका मारत होते, आईला मारत होते, ज्याला त्याला मारत होते. येऊ दे गं, एकदाच येऊ दे.

‘पंच्याऐंशी हजार,’ एमिल म्हणाला. अगदी हळू. आणि शरमेने डोळे मिटले.

टिचक्या थांबल्या. रेनाताने एकदा खाली बघितलं. मार्चपासून त्या हाकेला तिने एकदाही ओ दिली नव्हती.

‘ओ, बाबा,’ ती म्हणाली, आणि कपाळ फोनच्या अगदी जवळ आणलं.

एमिलने डोळे उघडले. अंगठ्याने काचेवर क्रॉस काढला, आधी उभा, मग आडवा. मधाखाली तिचा चेहरा दिसेनासा झाला. फक्त तिचं रडणं ऐकू येत होतं, आणि मग तिला उद्या नाताळच्या सकाळीही कामावर जायचं होतं म्हणून तिने फोन ठेवला.

‘ठीक आहे, ठीक आहे,’ एमिल त्या काळ्या काचेला म्हणाला. ‘आपली काय तक्रार नाय.’

मी काच पुसायला ओलं फडकं आणलं, तर त्याने फोन छातीशी धरला. मग मी सार वाढलं. घाईत त्याच्या ताटात कोबी फार पडला, पण तो काहीच बोलला नाही.